सोंग आणि स्वभाव : श्री. दिलीप प्रभावळकर यांच्या विनोदी अभिनयाचा विचार

हंसविणाऱ्या नटावर आपले लोक प्रेम करतात, पण त्याचा विचार क्वचितच करतात. रडविणाऱ्या नटाच्या वाट्याला जें गंभीर विवेचन येतें, तें हंसविणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीं. 'काय धमाल केली!' एवढ्या एका उद्गारांत त्याच्यापुरती आपली सारी रसिकता संपते. त्यांतहि जो नट नायक नाहीं, ज्याच्या नांवावर तिकिटें खपत नाहींत, जो आज कारकून, उद्यां भटजी आणि परवां पिशाच्च होऊन येतो, त्याच्याबद्दल तर आपण असें धरून चालतों कीं, त्याला नकलेची देणगी आहे आणि बाकीचें काम रंगपेटीनें व केसांच्या टोपानें होतें. श्री. दिलीप प्रभावळकर यांच्याविषयीं प्रस्तुत लेखकाचें मत पुष्कळ वर्षें असेंच होतें. तें चुकीचें होतें असें आतां वाटतें. आणि तें कां चुकीचें होतें, हें सांगण्याकरितांच हा लेखनप्रपंच आहे.

मत बदलण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. रोह्यालगतच्या धाटाव येथें, कारखान्यांच्या वसाहतींत, सारें आयुष्य पाळ्या करण्यांत घालवून निवृत्त झालेले एक शेजारी आमच्याकडे संध्याकाळीं येऊन बसतात. साहित्यचर्चेचा त्यांना नाद नाहीं. एके दिवशीं प्रभावळकरांच्या वेषांतरकौशल्याची आम्ही तोंडभर स्तुति करीत होतों; सहा भूमिका, तितकेच आवाज, तितक्याच चाली, असा पाढा चालला होता. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला आणि म्हणाले, "भाऊ, मला आबा टिपरे आठवतात. ते काय घालीत होते, तें आठवत नाहीं." आम्ही ज्या गुणाची स्तुति करीत होतों, त्या गुणाचा त्यांना पत्ताच नव्हता, आणि तरीहि त्या नटाचें काम त्यांच्या मनांत आमच्यापेक्षां खोल गेलें होतें. टीकाकारानें अशा वेळीं आपली टीपणें बाजूला ठेवून पुन्हां पाहूं लागणें बरें.

विनोदी नटांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांतला नट, भूमिका कोणतीहि असो, स्वतःच आपल्या भेटीला येतो. चॅप्लिनची टोपी, काठी आणि मोठे जोडे हीं जगाच्या ओळखीचीं झालीं, तीं चित्रामागून चित्रांत तींच राहिलीं म्हणून. आपल्याकडे दादा कोंडके यांची ढगळ अर्धी चड्डी आणि लोंबती नाडी, किंवा लक्ष्मीकांत बेर्डे यांची ती जीव घाबरा करणारी धांदल, हीं त्याच जातीचीं. अशा नटाकडे प्रेक्षक मित्राकडे जावें तसा जातो. मित्र कालच्यासारखाच भेटला कीं त्याला बरें वाटतें. दुसऱ्या वर्गांतल्या नटाची रीति उलट. तो प्रत्येक वेळीं स्वतःला पुसून टाकतो. इंग्लंडांत अ‍ॅलेक गिनेस यांनीं १९४९ च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' या चित्रपटांत एकाच घराण्यांतील आठ माणसें रंगविलीं. पीटर सेलर्स यांनीं १९६४ च्या 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'मध्यें तीन रंगविलीं. अशा नटाला बहुधा मित्राचें प्रेम मिळत नाहीं, जादूगाराचें कौतुक मिळतें. आणि कौतुक हें प्रेमापेक्षां लवकर शिळें होतें. प्रभावळकर निःसंशय या दुसऱ्या वर्गांतले आहेत. पण त्यांना प्रेम मात्र पहिल्या वर्गाचें मिळालें आहे. हें कसें घडलें, हाच त्यांच्या कारकीर्दींतला खरा विचारणीय प्रश्न आहे.

१९४४ च्या ऑगस्टांत जन्मलेले प्रभावळकर प्रथम रंगभूमीवर दिसले, तेथें एका बाजूस विजय तेंडुलकर यांचें 'लोभ नसावा ही विनंती' होतें आणि दुसऱ्या बाजूस रत्नाकर मतकरी यांचें बालनाट्य 'अलबत्या गलबत्या'. या दुसऱ्या नाटकांत त्यांनीं चेटकिणीचें काम केलें. पुरुषानें चेटकीण होणें म्हणजे हंशाची सोपी युक्ति, असें मोठ्यांना वाटेल. परंतु मुलांपुढें ही युक्ति चालत नाहीं. समोरचा बाप्या लुगडें नेसून आपली थट्टा करीत आहे, असा वास मुलांना लागला, तर तीं भिणारहि नाहींत व हंसणारहि नाहींत. चेटकिणीनें आपलें चेटूक मनापासून खरें मानलें पाहिजे, तरच तें हास्यास्पद होतें. विनोदी अभिनयाचा हा पहिला धडा आहे. आणि तो ज्यानें मुलांच्या शाळेंत गिरविला, त्याला पुढें मोठ्यांच्या शाळेंत फारसें शिकावें लागलें नसावें.

१९७२ सालीं मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झालें, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धांत चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ त्या लहानशा कृष्णधवल पडद्यावर आले. गुंड्याभाऊचें काम बाळ कर्वे यांनीं केलें, चिमणरावांचें प्रभावळकरांनीं. हीं पात्रें पडद्याला नवीं नव्हतीं. १९४० सालीं मास्तर विनायक यांनीं 'लग्न पहावें करून' हा बोलपट काढला, तेव्हां दामूअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनीं हीच जोडी उभी केली होती. दामूअण्णांची दृष्टि तिरळी होती, आणि निसर्गानें दिलेल्या त्या व्यंगाचें त्यांनीं भांडवल केलें होतें. ते पडद्यावर नुसते आले तरी प्रेक्षागृहांत खसखस पिके. प्रभावळकरांपाशीं असें कांहींच नव्हतें. सडपातळ अंगकाठी आणि चारचौघांसारखा चेहरा, एवढ्या सामग्रीवर त्यांना काम भागवावयाचें होतें.

शिवाय चिमणरावांची अडचण निराळीच आहे. जोशांच्या पुस्तकांत चिमणराव स्वतः बोलतात. आपला भित्रेपणा, आपली फजिती, आपला पोकळ डौल हीं ते स्वतःच्या तोंडानें, अतिशय सद्भावानें सांगत जातात, आणि त्यांना न कळत आपल्याला सर्व कळतें. हा सारा विनोद निवेदनाच्या सुरांत आहे. पडद्यावर निवेदन गळून पडतें व नुसती फजिती उरते. आणि नुसती फजिती म्हणजे केळाच्या सालीवरून घसरलेला मनुष्य. प्रभावळकरांनीं केलेली गोष्ट ही कीं, पुस्तकांतला तो सूर त्यांनीं चेहऱ्यावर आणला. त्यांचा चिमणराव फजितीच्या क्षणींहि आपली बाजू मनांतल्या मनांत मांडीत असतो. तोंडांतून शब्द निघण्यापूर्वीं डोळ्यांत एक लहानसें समर्थन तयार होतें. गुंड्याभाऊच्या आडदांड सावलींत उभे राहून तें समर्थन किंचित् ताठ होतें, आणि प्रसंग येतांच मावळतें. मोठ्या रंगमंचावर हें दिसलें नसतें. घराच्या बैठकीच्या खोलींतला, हातभर अंतरावरचा पडदा हा या बारीक कामाला अनुकूल होता, आणि आपल्याकडे तो अनुकूलपणा ओळखणाऱ्या पहिल्या नटांत प्रभावळकरांची गणना केली पाहिजे. १९७९ सालीं याच जोडीचा चित्रपटहि निघाला. पण चिमणरावांची खरी जागा लोकांच्या घरांतच होती.

यानंतर त्यांच्यापुढें जो धोका उभा राहिला असेल, तो उघड आहे. एकदां चिमणराव झालेल्या नटाला जन्मभर चिमणरावच करावयास लावणें ही आपल्या व्यवसायाची जुनी खोड आहे. तिच्यांतून सुटण्याचा त्यांचा मार्ग म्हणजे हास्याच्या दुसऱ्या टोंकाला जाऊन उभें राहणें. जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' नाटकांत त्यांनीं बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलाच्या बापाचें काम केलें. आणि १९९१ सालीं संजय सूरकर यांच्या 'चौकट राजा' या चित्रपटांत ते स्वतःच तसा मुलगा, नंदू, झाले. एकाच दुःखाच्या दोन्ही बाजू ज्याला आंतून पाहाव्या लागल्या, असा नट विरळा.

नंदूच्या भूमिकेसंबंधीं थोडें थांबून बोललें पाहिजे. आपल्या फार्सांनीं तोतरे, बहिरे, तिरळे, वेडसर अशा माणसांवर पिढ्यान् पिढ्या हंशे वसूल केलेले आहेत. व्यंगाची हुबेहूब नक्कल करणें हें तर नकलाकाराचें अगदीं प्राथमिक भांडवल. तेव्हां नकलेंत तरबेज असलेला नट नंदू होतो, तेव्हां त्याचें कौशल्यच त्याचा वैरी होऊन बसतें. कारण तें जितकें अधिक, तितका प्रेक्षक हंसण्याचा संभव अधिक. प्रभावळकर हें हंसणें टाळीत नाहींत. नंदूच्या बोलण्यावर आपण प्रथम हंसतों. पण चित्रपटांतलीं गल्लींतलीं माणसेंहि त्याच गोष्टींवर हंसत असतात, आणि थोड्याच वेळांत आपण त्यांच्यांत उभे असल्याचें आपल्या ध्यानांत येतें. त्या क्षणीं हंसूं घशांत अडकतें. या चित्रपटांत करुणरसाला गाण्यांचा आधार कांहीं ठिकाणीं गरजेपेक्षां अधिक दिलेला आहे, हें खरें. तो दोष दिग्दर्शनाचा म्हणावा. नट मात्र करुणेची भीक कोठेंहि मागत नाहीं. नंदूला आपण दयनीय आहों हें ठाऊकच नाहीं. जसें चिमणरावांना आपण हास्यास्पद आहों हें ठाऊक नव्हतें. दोन्ही भूमिकांचें मूळ एकच आहे.

१९९३ च्या महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मधील तात्या विंचू हा खरें तर पोरखेळ. पण आमच्या जुन्या मताला सर्वांत मोठा धक्का याच पोरखेळानें दिला. येथें नट देहानें थोडाच वेळ आहे. नंतर गुंडाचा आत्मा बाहुल्यांत शिरतो. बाहुला रामदास पाध्ये यांचा, आणि आवाज प्रभावळकरांचा. म्हणजे येथें त्यांचा चेहरा नाहीं, चाल नाहीं, हातवारे नाहींत. आणि तरीहि तेव्हांचीं मुलें आज मोठीं होऊन आपल्या मुलांना तात्या विंचूच्या नांवानें भिववितात. हा नट वेषावर जगतो असें म्हणणारानें याचें उत्तर द्यावें. वेष हिरावून घेतला, देह हिरावून घेतला, तरी जें उरतें तें त्याचें खरें भांडवल; आणि तें म्हणजे दुसऱ्या जीवाचा श्वास ओळखण्याची शक्ति.

आतां उणें काय, तेंहि सांगितलें पाहिजे. नाहींतर टीका ही आरती होते. त्यांनीं स्वतः लिहिलेलें 'हसवाफसवी' हें नाटक अतिशय गाजलें. त्यांत ते सहा भूमिका करीत. हें नाटक पाहतांना प्रेक्षकाचें अर्धें मन विंगेंत असतें: आतां कोण येणार, इतक्या थोड्या वेळांत कपडे कसे बदलले, हा आवाज त्याच गळ्यांतून कसा निघाला? हा आनंद खोटा नाहीं, पण तो सर्कशींतल्या झोपाळ्याच्या आनंदाच्या जवळचा आहे. माणूस भेटण्यापूर्वींच त्याच्या सोंगाचें कौतुक सुरू होतें. या सहांत शेवटपर्यंत मनांत राहतो तो कृष्णराव हेरंबकर, जुन्या संगीत रंगभूमीवरचा थकलेला गायक-नट. तो कां राहतो? कारण इतरांना आपण पाहतों, त्याचें मात्र ऐकत बसतों. त्याचें वय हें केवळ मेंकअपचें वय नाहीं. त्याच्यामागें एक गेलेला काळ उभा आहे, आणि तो काळ गेला हें त्याला अर्धवटच कळलें आहे. चिमणराव आणि नंदू यांच्या रांगेंत तो आपोआप जाऊन बसतो. दुसरी तक्रार त्यांच्यापेक्षां चित्रपटवाल्यांविषयीं अधिक आहे. विचित्र म्हातारा किंवा विनोदी भूत हवें असलें कीं प्रभावळकरांना बोलवावें, असा एक सोपा हिशेब मध्यंतरीं होऊन बसला होता. अशा कांहीं कामांत दाढी बोलते, टोप बोलतो, आणि नट गप्प असतो.

या सर्व आक्षेपांना उत्तर म्हणून पुढें ठेवावी अशी कृति म्हणजे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. 'लोकसत्ता'मधील त्यांच्या 'अनुदिनी' या सदरावरून, केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखालीं, २००१ सालीं ही मालिका त्या वेळच्या अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली. राजन भिसे व शुभांगी गोखले यांनीं मुलगा-सून, विकास कदम व रेश्मा नाईक यांनीं नातवंडें केलीं. आबा निवृत्त आहेत, रोजनिशी लिहितात. घरांत कांहीं घडतें, मिटतें, पुन्हां कांहीं घडतें. एवढेंच. येथें नट लेखकहि आहे, आणि 'बोक्या सातबंडे'सारखीं पुस्तकें लिहिणाऱ्या या लेखकाला घरगुती बोलीचा कान उत्तम आहे. पुन्हां पाहिलें असतां लक्षांत येतें कीं, आबा फार थोडें करतात. दुसरा बोलत असतां ते ऐकतात. नातवाच्या नव्या शब्दावर थबकतात, तो शब्द जिभेवर घोळवून पाहतात, आणि पुढच्या वेळीं चुकीच्या जागीं वापरतात. वडीलकीचा अधिकार गाजविण्याची संधि समोर आली असतां ती जाऊं देतात, आणि ती जाऊं दिल्याचें त्यांच्या मिशींतल्या मिशींत आपल्याला कळतें.

हें घर सुखवस्तु आहे, त्यांतले तंटे अर्ध्या तासांत मिटतात, पोटाची चिंता त्याच्या उंबरठ्याबाहेर राहते, हा आक्षेप योग्यच आहे. धाटावच्या पाळीवाल्या माणसाचें आयुष्य त्यांत नाहीं. मग आमच्या शेजाऱ्यांना आबा आपले कां वाटावेत? याचें उत्तर त्यांनीं दिलें नाहीं, पण तें कठीण नाहीं. चाळीस वर्षें ज्याचा दिवस भोंग्यानें बांधलेला होता, त्याला निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशीं घरांत आपली जागा नव्यानें शोधावी लागते. आज्ञा करावी तर कोणी ऐकत नाहीं, गप्प बसावें तर अडगळ होते. या दोहोंमधल्या चिंचोळ्या जागेंत हंसतमुखानें कसें बसावें, हें आबांनीं करून दाखविलें. उपदेश कोणीहि करतो; बसून दाखवणारा नट मिळणें ही मोठी गोष्ट आहे. विनोदी अभिनयाचा याहून गंभीर उपयोग आम्हांस सुचत नाहीं.

हिंदी चित्रपटांतल्या त्यांच्या कामांचा ओझरता उल्लेख पुरे. २००२ च्या 'एन्काउंटर : द किलिंग'मध्यें त्यांनीं गुन्हेगारी जगांतला एक वृद्ध उभा केला, आणि चारच वर्षांनीं, २००६ सालीं, राजकुमार हिरानी यांच्या 'लगे रहो मुन्नाभाई'त महात्मा गांधी. गांधींची ही भूमिका चमत्कारिक आहे. हे गांधी इतिहासांतले नव्हेत. एका अडाणी गुंडाच्या डोक्यांत उभे राहिलेले आहेत. त्या गुंडाला जें ठाऊक नाहीं, तें या गांधींनाहि ठाऊक नाहीं. भोंवतीं सर्व विनोदी चालला आहे आणि मध्यें हा एक मनुष्य. तो किंचितहि विनोदी झाला तर विटंबना होईल, आणि फार पूज्य झाला तर चित्रपट थिजेल. प्रभावळकरांचे गांधी मुन्नाकडे प्रेमळ कुतूहलानें पाहतात. त्यांना हंसूं येतें, पण तें त्याच्यावर नसतें. या कामाबद्दल व 'शेवरी'तील कामाबद्दल मिळून त्यांना साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका विनोदी नटाला गांधींच्या भूमिकेबद्दल सन्मान मिळावा, यांत विसंगति नाहीं. हास्यास्पद माणसाला जो आदरानें वागवूं शकतो, तोच पूज्य माणसाला माणूस म्हणून वागवूं शकतो.

कोंकणच्या वाचकांस मात्र त्यांच्या उत्तर वयांतले दोन चित्रपट अधिक जवळचे वाटतील. २०१३ च्या आदित्य सरपोतदार यांच्या 'नारबाची वाडी'चें मूळ मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकांत आहे. पण वाडी पूर्णपणें आपली आहे. म्हाताऱ्या नारबाची वाडी बळकावण्यासाठीं खोत त्याच्या मरणाची वाट पाहतो, आणि नारबा कांहीं केल्या मरत नाहीं. ज्या मुलुखांत भाताच्या खाचरांवर कारखाने उभे राहिलेले लोकांनीं डोळ्यांनीं पाहिले, त्या मुलुखांत हा विनोद नुसता विनोद राहत नाहीं. नारबा आपल्या झाडांशीं बोलतो तेव्हां प्रेक्षागृहांत हंशा होतो, आणि त्या हंशाच्या तळाशीं प्रत्येकाची एक विकलेली जमीन असते.

२०२५ च्या सप्टेंबरांत सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' आला. एक्याऐंशीं वर्षांच्या प्रभावळकरांनीं त्यांत बाबुली मेस्त्री हा दृष्टि मंदावत चाललेला वृद्ध दशावतारी रंगविला. जन्मभर सोंगें घेतलेल्या नटानें, जन्मभर सोंगें घेतलेल्या नटाचें सोंग घ्यावें, हा योग नियतीनेंच जुळवून आणलेला दिसतो. चित्रपटाच्या उत्तरार्धांतील घटना जरा भडक आहेत. पण दशावतारी कलावंताचें एक सत्य त्यांत फार स्वच्छ दिसतें. तो रात्रीं देव होतो आणि सकाळीं रंग पुसून पुन्हां गरीब माणूस होतो. तरी रात्रींचा देव खोटा होता असें ना त्याला वाटत, ना गांवकऱ्यांना. सोंग म्हणजे लबाडी, हा शहरी समज आहे. श्रद्धेनें घेतलेलें सोंग ही दुसऱ्याला आपल्या देहांत राहावयास दिलेली जागा होय.

प्रभावळकरांच्या कारकीर्दीचा अर्थ आम्हांस असा लागतो. त्यांचीं माणसें दिसण्यांत कितीहि निराळीं असलीं, तरी त्यांतलीं उत्तम तीं एका गोष्टींत सारखीं आहेत: जग त्यांना जसें पाहतें, तसें तीं स्वतःला पाहत नाहींत. चिमणराव, नंदू, हेरंबकर, आबा, नारबा, बाबुली — प्रत्येकाला आपली एक इभ्रत आहे, आणि ती जगाच्या हिशेबांत धरलेली नाहीं. नकलाकार माणसाचें बाहेरचें रूप उचलतो. हा नट ती आंतली इभ्रत उचलतो, व मग बाहेरचें रूप तिच्याभोंवतीं गोळा होतें. जेथें त्यांनीं उलट मार्गानें काम केलें, तेथें तें फिकें पडलें. आम्ही इतकी वर्षें टोप मोजीत बसलों होतों. आमच्या शेजाऱ्यांनीं एकहि टोप पाहिला नाहीं, आणि त्यांनाच तो नट बरोबर दिसला.